प्रज्ञावान विद्यार्थी, कायदा आणि पालक : महाराष्ट्रातील प्रज्ञाशोधाचा ऐतिहासिक आढावा (मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

भारतीय शिक्षणाच्या इतिहासलेखनात शिक्षणापासून वंचित राहिलेल्या मुलांच्या प्रश्नाला मोठे स्थान मिळाले आहे व ते योग्यच आहे. शाळेत पोहोचलेल्या, परंतु वर्गाच्या सरासरी गतीपेक्षा पुष्कळ पुढे धावणाऱ्या मुलाचा विचार मात्र इतिहासाच्या दृष्टीने फारसा झालेला नाही. अशा मुलाला मराठीत हुशार, बुद्धिमान, प्रतिभावान, गुणवंत असे अनेक शब्द आहेत. शासकीय परिभाषेत 'प्रज्ञावान' आणि 'प्रज्ञाशोध' हे शब्द रूढ झाले. शब्दांची ही समृद्धी असूनही कायद्याच्या पुस्तकात या मुलाचे स्थान कोठे आहे, असा प्रश्न विचारला असता उत्तर सहजासहजी सापडत नाही.

हे मूल हुशार असल्याने त्याचे आपोआप चालेल, असा समाजाचा आणि व्यवस्थेचा एक सर्वसाधारण समज आहे. शहरातील सुस्थित कुटुंबाच्या बाबतीत तो काही अंशी खराही ठरतो. परंतु कन्नड किंवा सोयगाव तालुक्यातील द्विशिक्षकी शाळेत बसलेल्या, घरात पहिल्यांदाच अक्षर गिरवणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा समज घातक आहे. त्याची प्रज्ञा कोणी ओळखली नाही, तर ती हरवली हेही कोणाला कळत नाही. प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय ही न कळणारी हानी आणि तिच्यासंबंधी कायदा व पालक यांनी बजावलेली भूमिका हा आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) महाराष्ट्रातील प्रज्ञाशोधाच्या योजनांचा कालानुक्रमे आढावा घेणे; (२) बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याने प्रज्ञावान विद्यार्थ्याच्या स्थितीत कोणता फरक पडला, हे तपासणे; (३) पालकांच्या संघटित प्रयत्नांचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) व मराठवाडा यांचा विशेष विचार केला आहे. ज्या काळातील घटना आहे त्या काळातील नावच मजकुरात वापरले आहे.

स्पर्धा की संधी : प्रश्नाची पूर्वपीठिका

हुशार विद्यार्थी कसा निवडावा, हा वाद महाराष्ट्रात नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात शिष्यवृत्तीचा मुद्दा स्पष्टपणे मांडला होता. शिष्यवृत्त्या केवळ स्पर्धेने देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसत असली, तरी तिच्यामुळे इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही. म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या असाव्यात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. परीक्षा सर्वांना समान असली तरी परीक्षेपर्यंत पोहोचण्याची वाट समान नसते, हे फुले यांनी ओळखले होते. पुढील सव्वाशे वर्षांत प्रज्ञाशोधाची जी जी योजना झाली तिला हाच प्रश्न विचारावा लागतो.

वाट उपलब्ध झाली तर काय घडते याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे ते कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. तथापि ही व्यवस्था महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या औदार्यावर उभी होती. औदार्य हा हक्क नव्हे. या अनुभवाचा अर्थ बाबासाहेबांनी संस्था उभारून सांगितला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले व पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. नागसेनवनाच्या या परिसरात मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या दलित विद्यार्थ्यांची पहिली पिढी उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली. निवडक मुले वेचून वेगळी काढण्यापेक्षा दार रुंद करावे, म्हणजे प्रज्ञा आपली वाट शोधते, हा विचार या प्रयोगामागे दिसून येतो.

मराठवाड्याची आणखी एक अडचण होती. निजामाच्या हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग केला, हे निर्विवाद आहे. परंतु मराठी घरातील मुलाला प्रज्ञा दाखवण्याआधी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. यावर येथील नागरिकांनी शोधलेला उपाय म्हणजे स्वतःच्या शाळा. औरंगाबादची सरस्वती भुवन (१९१५), अंबाजोगाईची योगेश्वरी (१९१७), हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१) या संस्था समाजाने आपल्या मुलांसाठी उभ्या केल्या. पालकांच्या संघटित प्रयत्नांचा मराठवाड्यातील आरंभ येथे मानावा लागेल. अर्जविनंत्यांना फारसा वाव नसलेल्या राजवटीत पालकांनी वर्गणी काढून शाळा बांधल्या.

शिष्यवृत्ती परीक्षेपासून प्रज्ञाशोधापर्यंत

स्वातंत्र्योत्तर काळात प्रज्ञाशोधाचे सर्वांत व्यापक साधन ठरली ती प्राथमिक स्तरावरील शिष्यवृत्ती परीक्षा. तत्कालीन मुंबई राज्यात १९५४-५५ पासून चौथी व सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी ती घेतली जाऊ लागली. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता व १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. शिष्यवृत्तीची रक्कम अल्प असली तरी या परीक्षेने मोठे कार्य केले. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक निवडक मुलांना शाळेपूर्वी व शाळेनंतर बसवून गणित व बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करून घेत. 'स्कॉलरशिपला बसलेला मुलगा' ही गावातील एक ओळख बनली. प्रज्ञा ओळखण्याचे काम गावातल्याच शिक्षकाकडे राहिले, हे या पद्धतीचे बलस्थान होते. शिक्षकाने ज्याला बसवले नाही त्याची प्रज्ञा नोंदलीच गेली नाही, ही तिची मर्यादा होती.

राष्ट्रीय पातळीवर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक अवकाशात सोडल्यानंतर जगभर विज्ञानातील बुद्धिमत्तेच्या शोधाला वेग आला. अमेरिकेने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. भारतात १९६३ मध्ये दिल्लीपुरत्या केवळ १० शिष्यवृत्त्यांनी राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू झाली. पुढील वर्षी ती देशभर नेण्यात आली व शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० झाली. १९७६ मध्ये सामाजिक शास्त्रांसह इतर शाखांचा समावेश होऊन ती राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजना बनली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्रज्ञाशोधाचा स्वतंत्र विचार केला. या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक हे होते. १९६८ च्या पहिल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विविध क्षेत्रांतील प्रज्ञा शक्य तितक्या लहान वयात ओळखली जावी, असे म्हटले. धोरणात हे वाक्य आले, परंतु त्यामागे कायदा आला नाही.

याच दशकात महाराष्ट्रात दोन भिन्न प्रयोग झाले. पहिला शासकीय होता. ग्रामीण भागातील बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठी औरंगाबाद, अमरावती, धुळे, पुसेगाव इत्यादी ठिकाणी शासकीय विद्यानिकेतने स्थापन झाली. शिष्यवृत्ती परीक्षेतील गुणवत्तेनुसार निवड, निवासाची सोय व शासनाचा खर्च अशी ही रचना होती. पालकाच्या खिशाचा विचार न करता खेड्यातील मुलाला उत्तम शिक्षण मिळावे, हा तिचा हेतू होता. पुढे देशभर गाजलेल्या नवोदय विद्यालयांची मूळ कल्पना त्यांच्या सुमारे दोन दशके आधी महाराष्ट्राने अमलात आणली होती, याची नोंद इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

दुसरा प्रयोग खाजगी होता. पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली व १९६९ मध्ये प्रज्ञावान विद्यार्थ्यांसाठी प्रशाला सुरू केली. प्रवेशासाठी मानसशास्त्रीय कसोट्यांचा उपयोग आणि बुद्धीला सामाजिक जबाबदारीची जोड ही तिची वैशिष्ट्ये होत. मानसशास्त्राच्या आधारे प्रज्ञेचा सलग अभ्यास करणारी संस्था मराठी प्रदेशात उभी राहिली, हे तिचे योगदान आहे.

तिसऱ्या एका प्रयोगाचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण त्याने प्रज्ञेच्या व्याख्येलाच हात घातला. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे प्रा. वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० पासून मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी प्रज्ञाशोध व संवर्धनाचा प्रकल्प चालवला. भाषेच्या व अध्ययनाच्या अडचणी दूर करून योग्य मार्गदर्शन दिल्यास याच विद्यार्थ्यांचे यश लक्षणीय वाढते, असे त्यातून दिसून आले. 'शोध' या शब्दासोबत 'संवर्धन' हा शब्द या प्रकल्पाने जोडला. फुले यांनी १८८२ मध्ये जे तर्काने मांडले त्याला शंभर वर्षांनी प्रयोगाचा आधार मिळाला, असे म्हणता येईल.

नवोदय विद्यालये

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विशेष प्रज्ञा असलेल्या मुलांना, पालकांची ऐपत न पाहता, अधिक गतीने पुढे जाण्याची संधी द्यावी, अशी भूमिका घेतली. त्यातून नवोदय विद्यालये उभी राहिली. पहिली दोन प्रायोगिक विद्यालये हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे सुरू झाली. औरंगाबाद जिल्ह्याचे विद्यालय कन्नड येथे आहे. सहावीच्या प्रवेशासाठी निवड चाचणी, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांना, किमान एक तृतीयांश जागा मुलींना, अशी तिची रचना आहे.

या रचनेचा लाभ हजारो ग्रामीण कुटुंबांना झाला, हे मान्य करूनही तिच्यातील एक अडचण लक्षात घ्यावी लागते. उमेदवार त्याच जिल्ह्यातील शाळेत पाचवीत शिकत असावा, ग्रामीण कोट्यासाठी तिसरी ते पाचवी ही वर्षे पूर्णवेळ ग्रामीण शाळेत झालेली असावीत, आणि चाचणीला एकदाच बसता यावे, असे नियम आहेत. आता मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचे वर्ष पाहू. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शिष्यवृत्ती परीक्षा वर्षानुवर्षे फेब्रुवारी महिन्यात होत आली. म्हणजे परीक्षेचा हंगाम आणि तोडणीचा हंगाम एकच! मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांजवळ राहिले तर परीक्षेला बसेल. फडावर गेले तर त्याच्या प्रज्ञेचा शोध घेण्याच्या दिवशी ते जिल्ह्यातच नसेल. नियम कोणाच्याही विरुद्ध केलेला नाही. परंतु तो करताना या मुलाचा विचार झाला नाही, कारण त्याचा पालक विचार मांडायला तेथे नव्हता.

२००९ चा कायदा : निर्बंध आणि दुर्लक्षित तरतुदी

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षणाला प्रथमच अंमलबजावणीयोग्य हक्काचे रूप दिले. या कायद्याचे कलम १३ प्रज्ञाशोधाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. प्रवेशासाठी कॅपिटेशन फी घेण्यास व बालकाची अथवा पालकांची चाळणी लावण्यास त्याने मनाई केली. चाळणी लावल्यास पहिल्या उल्लंघनासाठी २५ हजार रुपयांपर्यंत व त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनासाठी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या मुलाखती घेणाऱ्या, आईवडिलांची पदवी विचारणाऱ्या शाळांना त्यामुळे आळा बसला. हा कायद्याचा मोठा लाभ होय.

तथापि याच कलमामुळे निवड चाचणीवर आधारलेल्या शाळांपुढे प्रश्न उभा राहिला. कायद्याने केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये व सैनिकी शाळा यांचा 'विनिर्दिष्ट प्रवर्ग' मानला आणि नवोदयची निवड चाचणी पुढेही चालू राहिली. परंतु 'प्रज्ञावान विद्यार्थ्यांसाठीची शाळा' असा प्रवर्ग कायद्याने निर्माण केला नाही. प्रज्ञावान बालक कोण, त्याला काय मिळावे, त्याच्या गरजेची जबाबदारी कोणाची, याविषयी कायदा स्वतंत्रपणे काहीही सांगत नाही.

येथपर्यंतचे वाचन सर्वपरिचित आहे. परंतु याच कायद्यात तीन तरतुदी अशा आहेत की त्यांकडे प्रज्ञावान विद्यार्थ्याच्या संदर्भात क्वचितच पाहिले जाते. पहिली, कलम २९ : अभ्यासक्रम ठरवताना बालकाचे ज्ञान, सुप्त क्षमता व प्रज्ञा यांची वाढ करणे आणि त्याच्या शारीरिक व मानसिक क्षमतांचा पूर्णत्वाने विकास करणे यांचा विचार व्हावा. दुसरी, कलम २४ : शिक्षकाने प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता अजमावावी व आवश्यकतेनुसार जादा अध्यापन करावे, तसेच पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाच्या प्रगतीची माहिती द्यावी. तिसरी, कलम २१ : शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत व एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांशी या समितीचा संबंध येतो. अनुदानित शाळांत तिचे कार्य सल्लागार स्वरूपाचे राहते.

'जादा अध्यापन' याचा अर्थ व्यवहारात मागे पडलेल्या मुलांसाठीचे उपचारात्मक वर्ग एवढाच घेतला गेला. कलमाची शब्दरचना मात्र प्रत्येक बालकाविषयी आहे. जो पुढे गेला आहे त्यालाही त्याच्या गतीने पुढे नेण्याचे कर्तव्य तिच्यात अंतर्भूत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हा अर्थ स्वीकारला तर प्रज्ञावान मुलाला चाळणी लावून वेगळ्या शाळेत न नेता, तो ज्या शाळेत बसला आहे तेथेच त्याच्या हक्काची मागणी करता येते, आणि ती मागणी करण्यासाठी पालकांची वैधानिक समितीही उपलब्ध आहे. ही वाट कायद्यात असूनही चालली गेली नाही. तिचे कारण पालकांच्या लढ्याच्या स्वरूपात शोधावे लागते.

पालकांचे लढे : जागेसाठी की शिक्षणासाठी?

महाराष्ट्रातील पालक संघटित होत नाहीत, असे मुळीच नाही. २००८ ते २०१० या तीन वर्षांचा अकरावी प्रवेशाचा वाद या दृष्टीने बोलका आहे. राज्य मंडळ व इतर मंडळे यांच्या गुणांतील तफावत दूर करण्यासाठी शासनाने २००८ मध्ये पर्सेंटाइल सूत्र आणले. ते मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी ९० टक्के जागा राखण्याचा निर्णयही न्यायालयात टिकला नाही. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' म्हणजे उत्तम पाच विषयांच्या गुणांचे सूत्र आले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले व सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. इतर मंडळांच्या शाळांतील पालकांनी न्यायालयात जाऊन हे वाद लढवले आणि शासनाला तीन वर्षांत दोन सूत्रे सोडून द्यावी लागली. पालकांचे सामर्थ्य यातून दिसते. तिन्ही वाद दहावी झालेल्या विद्यार्थ्याच्या महाविद्यालयीन जागेविषयी होते, हेही लक्षात ठेवावे लागते.

मराठवाड्यातील सर्वांत मोठा लढा वैद्यकीय प्रवेशाच्या ७०:३० सूत्राविरुद्ध झाला. या सूत्रानुसार ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना व ३० टक्के जागा राज्यभरातील विद्यार्थ्यांना मिळत. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये तुलनेने कमी. त्यामुळे अधिक गुण मिळवूनही येथील विद्यार्थी डावलला जातो, अशी पालकांची व लोकप्रतिनिधींची तक्रार होती. लातूर पॅटर्नने आणि औरंगाबादच्या शिकवणी वर्गांनी गुणवत्ता वाढवली होती, परंतु जागा विभागाच्या चौकटीत अडकली होती. अखेर ८ सप्टेंबर २०२० रोजी तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधिमंडळात हे सूत्र रद्द केल्याची घोषणा केली.

या लढ्यातील एक विसंगती इतिहासाच्या अभ्यासकाला जाणवते. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यात तांत्रिक शिक्षणाच्या सुविधांची न्याय्य व्यवस्था करण्याची तरतूद आहे. मराठवाड्याने अनेक दशके तिच्या आधारे विभागीय न्याय मागितला. त्या अनुच्छेदाखाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि त्याच वर्षी मराठवाड्याने विभागाची भिंत पाडून राज्यव्यापी गुणवत्ता मागितली व मिळवली. दोन्ही मागण्यांमागे अन्यायाची भावना खरी होती. परंतु लढ्याचे केंद्र पुन्हा बारावीनंतरची जागा हेच राहिले. पाचवीतील मुलाला गणिताचा शिक्षक मिळावा, यासाठी तितका मोठा लढा उभा राहिला नाही.

तिसरे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलून, ज्या खाजगी शाळांच्या एक किलोमीटर परिसरात शासकीय अथवा अनुदानित शाळा आहे त्यांना २५ टक्के राखीव प्रवेशाच्या अटीतून सूट दिली. पालक व सामाजिक कार्यकर्ते न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली व १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्द केली. दुर्बल घटकांतील पालकांची बाजू येथे टिकली, कारण कायद्यातील एका स्पष्ट कलमावर ती उभी होती.

याची तुलना राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेशी करावी. सहा दशकांची परंपरा असलेली व २०१९ पर्यंत शिष्यवृत्त्यांची संख्या २००० पर्यंत पोहोचलेली ही योजना, मंजुरीची मुदत ३१ मार्च २०२१ रोजी संपल्यावर थांबली. ती कोणत्याही कायद्याने निर्माण झालेली नव्हती. त्यामुळे ती चालू ठेवण्यासाठी दाद मागण्यास कायद्याचा आधार तोकडाच राहिला. प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षेचेही असेच झाले. शिक्षण हक्क कायद्यातील स्तररचनेशी मेळ घालण्यासाठी २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीत नेण्यात आली. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच असल्याने त्या शाळांतील शिक्षकांचा या परीक्षेशी असलेला जुना संबंध तुटला. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीत आणण्याचा निर्णय घेतला. शासन निर्णयाने आलेली गोष्ट शासन निर्णयाने जाते आणि परतही येते. मधल्या वर्षांतील मुले मात्र परत चौथीत येत नाहीत.

तुलनात्मक दृष्टी

पालकांच्या मागणीतून कायदा होऊ शकतो, याचे भारतीय उदाहरण दिव्यांगांच्या क्षेत्रात आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यामागे मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात इत्यादी असलेल्या मुलांच्या पालकांच्या संघटनांचा मोठा वाटा होता व न्यासाच्या मंडळावर अशा संघटनांना स्थान देण्यात आले. आपल्यानंतर मुलाचे काय, ही चिंता या पालकांना एकत्र आणू शकली. प्रज्ञावान मुलाच्या पालकांना एकत्र आणणारी अशी समान चिंता निर्माण झाली नाही. स्पर्धा परीक्षेत प्रत्येक पालक दुसऱ्या पालकाचा प्रतिस्पर्धी ठरतो. म्हणून येथील पालकांची एकजूट प्रवेशफेरीपुरती टिकते, असे दिसून येते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचा दाखला येथे उपयुक्त आहे. तेथे मतिमंद मुलांच्या पालकांच्या संघटनेने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी न्यायालयात दिलेला लढा देशभरातील विशेष शिक्षणाच्या कायद्याला (१९७५) कारणीभूत ठरला. त्याच राज्यात आज प्रज्ञावान विद्यार्थ्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा करणे शाळांवर बंधनकारक असून तो अमान्य असल्यास पालकांना दाद मागता येते. अमेरिकेतील सर्व राज्यांत अशी स्थिती नाही. १९८८ च्या जाविट्स कायद्याने संशोधनाला व प्रायोगिक उपक्रमांना निधी दिला, राष्ट्रव्यापी हक्क दिला नाही. तरीही 'या मुलाला या वर्षी कोणते शिक्षण मिळणार' हा प्रश्न तेथे पालक विचारू शकतो. आपल्याकडे 'या मुलाला कोठे प्रवेश मिळणार' हा प्रश्न विचारला जातो. दोन्ही प्रश्नांतील अंतर हेच आपल्या व्यवस्थेचे न्यून आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये विशेष प्रज्ञा असलेल्या विद्यार्थ्यांना साहाय्य देण्याविषयी स्वतंत्र परिच्छेद आहेत. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यांना पूरक साहित्य व मार्गदर्शन द्यावे, बी.एड. अभ्यासक्रमात या विषयाच्या विशेषीकरणास वाव असावा, शाळा ते जिल्हा पातळीवर विषयमंडळे असावीत, ऑलिंपियाड परीक्षा बळकट कराव्यात, अशा सूचना त्यात आहेत. सूचना स्वागतार्ह आहेत. परंतु १९६८ व १९८६ च्या धोरणांचा अनुभव पाहता धोरणातील शब्द आणि वर्गातील कृती यांच्यामध्ये कायद्याचा पूल नसेल, तर याही सूचना योजनांच्या रूपात येतील आणि योजनांच्या मुदतीबरोबर जातील, अशी शक्यता नाकारता येत नाही.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रात प्रज्ञाशोधाची परंपरा दीर्घ व समृद्ध आहे. विद्यानिकेतनांसारख्या प्रयोगात हे राज्य देशाच्या पुढे होते. परंतु ही परंपरा प्रामुख्याने योजना व शासन निर्णय यांवर उभी राहिली. प्रज्ञावान विद्यार्थी कायद्याने हक्कधारक झाला नाही.

२. परीक्षेवर आधारित निवडीने ग्रामीण विद्यार्थ्यांना संधी दिली. मात्र परीक्षेपर्यंत न पोहोचणारा, विशेषतः स्थलांतरित कुटुंबातील विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेर राहिला. फुले यांनी १८८२ मध्ये नोंदवलेला आक्षेप आजही लागू पडतो.

३. २००९ च्या कायद्याने चाळणीला मनाई केली आणि त्याचबरोबर प्रत्येक बालकाच्या प्रज्ञेच्या वाढीचे कर्तव्य सांगितले. पहिल्या भागाची चर्चा झाली. दुसरा भाग दुर्लक्षित राहिला.

४. पालकांचे लढे प्रभावी होते, परंतु ते प्रवेशाच्या जागेपुरते मर्यादित राहिले. जेथे कायद्याचे स्पष्ट कलम होते तेथे दुर्बल घटकांतील पालकांनाही यश मिळाले. जेथे केवळ योजना होती तेथे ती थांबल्यावर पालकांच्या हाती काही उरले नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही सूचना करता येतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या शाळा विकास आराखड्यात गतीने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पूरक अध्यापनाची नोंद असावी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. असलेल्या कलमांचे वाचन पुरेसे आहे. शिष्यवृत्ती व नवोदय परीक्षांच्या वेळापत्रकात व पात्रतेच्या नियमांत ऊसतोड कामगारांच्या मुलांचा विचार व्हावा; त्यांना परीक्षेसाठी दुसरी तारीख किंवा जेथे असतील तेथील केंद्र मिळावे. शिक्षक प्रशिक्षणात प्रज्ञा ओळखण्याचा भाग यावा व त्यात शुद्ध भाषा, नीटनेटके अक्षर आणि घरची पार्श्वभूमी यांनाच प्रज्ञा समजण्याची चूक कशी टाळावी, हे शिकवले जावे. राज्याने प्रज्ञा संवर्धनाच्या योजनांना वैधानिक आधार द्यावा, म्हणजे त्या एका शासन निर्णयाने बंद होणार नाहीत.

मिलिंद महाविद्यालय, विद्यानिकेतन आणि कन्नडचे नवोदय विद्यालय या तिन्ही संस्था एकाच जिल्ह्यात आहेत आणि तिन्हींनी एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. सर्वांसाठी दार उघडणे आणि काहींना वेचून घेणे यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. दार उघडल्यानंतर आत बसलेल्या प्रत्येक मुलाकडे कोणीतरी लक्ष देऊन पाहिले पाहिजे. ज्याचा पालक न्यायालयाची पायरी चढू शकत नाही, ज्याच्या वतीने कोणी मोर्चा काढणार नाही, अशा मुलाच्या प्रज्ञेची जबाबदारी कायद्याने शाळेवर टाकलेली आहे. ती पार पाडली जाते की नाही हे विचारण्याचे काम गावातील पालकसभेपासून सुरू व्हावे, हीच अपेक्षा.